हनुवटी धरू नका : सातारा जिल्ह्यातल्या शिक्षकांना खुलं पत्र

सातारा जिल्ह्यातल्या सर्व शाळांमधले गुरुजी, बाई, सर, मॅडम आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सातारची. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. माझा भाचा आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत चौथीला आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे तिथं घडलं ते कुठल्याही शाळेत घडलं असतं, आणि घडतही असणार.

गेल्या हिवाळ्यात, तो तिसरीत असताना, वर्गातून सहलीच्या पैशांचं पाकीट गेलं. मधल्या सुट्टीत चार मुलं वर्गातच थांबली होती. बाईंनी चौघांना उभं केलं. तिघांनी बाईंकडं बघून ‘नाही बाई, आम्ही नाही घेतलं’ असं सांगितलं. भाचा खिडकीच्या गजांकडं बघत होता. ‘माझ्याकडं बघून बोल,’ बाई म्हणाल्या. त्यानं एकदा वर बघितलं आणि परत गजांकडं नजर नेली. ‘बघा, कशी नजर चुकवतोय.’ मग त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. तिथं हनुवटी धरून त्याचा चेहरा वर केला आणि पुन्हा विचारलं. तो ‘हो’ म्हणाला.

पैसे कुठं ठेवलेस, याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. कुठून असणार? दादाला आणि वहिनीला बोलावणं आलं. दोघं मान खाली घालून सगळं ऐकून आले. तिसऱ्या दिवशी ते पाकीट ऑफिसच्या कपाटात, जुन्या हजेरीपटात सापडलं. बाईंनी दादाला फोन करून ‘गैरसमज झाला’ असं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, दादा म्हणतो, आवाजावरून कळत होतं. भाच्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

त्या रात्री आम्ही दोघं गच्चीवर शेजारी शेजारी बसलो होतो. समोर अजिंक्यताऱ्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा दिवा. मी विचारलं, ‘घेतलं नव्हतंस, तर हो का म्हणालास?’ बराच वेळ तो त्या दिव्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘हो म्हटलं की हात सोडतात.’

हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचावं, म्हणून लिहिते आहे.

या प्रकारानंतर तीन महिन्यांनी भाच्याचं निदान झालं. तो स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात ते. तपासणीच्या वेळी वहिनीबरोबर मी गेले होते. त्या मॅडम वहिनीला एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात निम्म्या प्रश्नांना ‘मीसुद्धा’ म्हणत होते. यंदा गणपती उठल्यावर मी पुण्याला जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली. माझं वय छत्तीस. मुलींचं बऱ्याचदा असंच उशिरा लक्षात येतं, कारण त्या दुसऱ्यांचं बघून बघून वागणं पाठ करतात. मीही केलं होतं.

म्हणून डोळ्यांत बघणं म्हणजे आतून काय असतं, ते आधी सांगते.

यवतेश्वरच्या घाटातून रात्री गाडीनं खाली उतरत असताना वळणावर समोरून अप्पर लावलेली गाडी आली, की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. क्षणभर रस्ता दिसत नाही, कठडा दिसत नाही, शेजारचा माणूस काय बोलत होता तेही डोक्यातून जातं. दिसतो तो फक्त उजेड, आणि सगळं अंग एकाच गोष्टीच्या मागं लागतं की हा उजेड संपू दे. समोरच्यानं डिप्पर दिला की परत सगळं जागेवर येतं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघताना माझं हे होतं. त्याचा राग, त्याची घाई, त्यानं मनात ठेवलेलं काही, सगळं एकदम अंगावर येतं, आणि त्याच्या तोंडचे शब्द मात्र मला ऐकू येईनासे होतात. नजर बाजूला नेली की शब्द परत येतात. म्हणजे तुम्ही ‘माझ्याकडं बघ, मग तुझं लक्ष लागेल’ म्हणता तेव्हा माझ्यासारख्या मुलाला तुम्ही नेमकं ऐकायचं बंद करायला सांगत असता.

सातवीत मी यावर एक युक्ती बसवली होती. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघायचं, मनात तीन मोजायचे, मग फळ्याकडं, मग पुन्हा तीन. बाई खूश झाल्या. ‘आता कशी लक्ष देतेस!’ असं वर्गात म्हणाल्या. त्या वर्षी इतिहासाच्या तासाला काय शिकवलं, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. मी मोजत होते. घरी आले की दप्तर टाकून अंधाऱ्या माजघरात पडून राहायचे, आणि आजी म्हणायची, पोरीला दृष्ट लागली.

सगळ्यांचं असंच असतं असा दावा मी करणार नाही. काही स्वमग्न मुलांना डोळ्यांत बघण्याचा त्रास होत नाही, फक्त तिथं बघायचं असतं हे त्यांना आपोआप सुचत नाही. काही मुलं उलट टक लावून बघतात, इतकं की समोरचा अवघडतो. काही मुलं आईकडं बघतात आणि बाईंकडं बघू शकत नाहीत. पण ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास खरा आहे, आणि आता तो मोजूनही बघितलेला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना चेहरे दाखवायचे, नजर डोळ्यांच्या भागावरच खिळवून ठेवायला लावायची आणि त्या वेळी मेंदूत काय चाललंय ते स्कॅनरमध्ये बघायचं. मेंदूच्या आतल्या ज्या भागांमुळं आपण चेहऱ्यावरचे भाव आणि धोका पटकन ओळखतो, ते भाग स्वमग्न लोकांमध्ये इतरांपेक्षा खूपच जास्त पेटलेले दिसले. नजर मोकळी सोडली की तो फरक असा उठून दिसत नव्हता. ते वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते. उठून पाण्याच्या माठापाशी जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं ज्याला सगळे माझा हट्ट म्हणत होते, ते कुणीतरी यंत्रात बघितलं होतं.

वहिनीला मात्र सगळे संस्कारांवरून बोलले. एकुलता एक, लाडावलेला, मोबाईल हातात दिला, घरात माणसं कमी. यावरही एक गोष्ट माहीत असू द्या. २०१३ साली अमेरिकेतल्याच दोन संशोधकांनी तान्ह्या बाळांची नजर महिन्या-महिन्याला टिपली होती. पुढं जी बाळं स्वमग्न निघाली, तीसुद्धा दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडं बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या मधे त्यांचं डोळ्यांकडं बघणं हळूहळू कमी होत गेलं. पाळण्यातल्या सहा महिन्यांच्या बाळावर आईनं कसले वाईट संस्कार केले असतील? वहिनीनं ते ऐकलं आणि पहिल्यांदा रडली.

आता थोडं आपल्या भाषेबद्दल, कारण मला वाटतं अर्धी अडचण तिथं आहे. नजर चुकवणे, नजर चोरणे, नजरेला नजर न देणे, डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत नसणे. जो समोर बघत नाही त्याच्यासाठी मराठीत असलेल्या शब्दांतच चोरी बसलेली आहे. ‘तो खाली बघत होता’ असं साधं सांगायला गेलं, तरी ऐकणाऱ्याला अपराध ऐकू येतो. बाईंनी भाच्यावर आरोप करायचं ठरवलं नव्हतं. तो गजांकडं बघत होता, आणि त्यासाठी त्यांच्या तोंडी जो पहिला शब्द आला तोच मुळात ‘चुकवतोय’ हा होता.

आणि हीच आपली भाषा दुसऱ्या तोंडानं नेमकं उलटं सांगते. मोठ्यांसमोर मान खाली घालून उभं राहावं. वर तोंड करून बोलू नये. आमच्या आजीच्या काळात सासऱ्याच्या नजरेला नजर देणारी सून उद्धट ठरायची. मला सत्ताविसाव्या वर्षी बघायला कराडचे पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा देताना आणि नंतर पाटावर बसून उत्तरं देताना मी सतरंजीच्या पट्ट्या मोजत होते, कारण एका खोलीत अकरा अनोळखी चेहरे होते. निघताना त्यातल्या एक मावशी आईला म्हणाल्या, ‘मुलगी वळणाची आहे हो, एकदाही नजर वर केली नाही.’ ते स्थळ जमलं नाही, ते वेगळ्या कारणानं. त्यानंतर चार महिन्यांनी एका पतसंस्थेत मुलाखतीला गेले. तिथंही मी टेबलाच्या कडेकडं बघत होते. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून निरोप दिला की मुलीचं काम चांगलं असेल, पण आत्मविश्वास दिसत नाही. शाळेत मी लक्ष न देणारी होते. मी तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट करत होते: समोर जे चाललंय ते कळावं, म्हणून नजर बाजूला ठेवत होते.

गुरुजी, बाई, तुम्ही वर्गात उभं राहून एखाद्या हुशार मुलाला तोंडी हिशेब घाला, सव्वीस गुणिले सात. तो वर आढ्याकडं बघेल. सगळीच मुलं बघतात. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. तिथं पाच वर्षांच्या साध्या, स्वमग्न नसलेल्या मुलांना ‘विचार करताना नजर बाजूला ने’ असं मुद्दाम शिकवलं, तर त्यांची उत्तरं सुधारली. चेहरा वाचणं हे मेंदूला जड काम आहे. आढ्याकडं बघणाऱ्याला आपण ‘विचार करतोय’ म्हणतो आणि थांबतो. माझ्या भाच्यासाठीही तेवढंच थांबायचं आहे, फक्त त्याला आढ्याकडं जरा जास्त वेळ बघावं लागतं.

आता भावनांबद्दल. हे लिहायला मला सगळ्यात अवघड जातंय, पण इथंच मुलांवर सगळ्यात मोठा अन्याय होतो, म्हणून लिहिते.

आजी गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. घर माणसांनी भरलं होतं. मी रडले नाही. दारात पडलेल्या चपला जोड्या लावून ठेवत होते, कारण त्या वेड्यावाकड्या पडलेल्या मला सहन होत नव्हत्या. आत्तेबहीण कुणाला तरी म्हणाली, ते मला ऐकू आलं, ‘हिच्या काळजाचा दगड आहे, हिलाच सगळ्यात जास्त जीव लावला होता म्हातारीनं.’ बाविसाव्या दिवशी माळ्यावरून काही काढताना आजीची मिसरीची डबी हाताला लागली. झाकण उघडल्याबरोबर वास आला आणि माझे पाय गेले. मी तिथंच शिडीखाली बसले ते संध्याकाळपर्यंत. दुःख आलं नव्हतं असं नाही. ते बावीस दिवस पोटात होतं, मला भूक नव्हती, मला वाटत होतं अपचन झालंय.

याला एक नाव आहे, अॅलेक्सिथायमिया. म्हणजे भावना असतात, पण त्या कुठल्या हे ओळखता येत नाही, सांगायला शब्द सापडत नाहीत. सगळ्या स्वमग्न लोकांमध्ये हे असतं असं नाही. २०१९ साली आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा जवळपास निम्म्या स्वमग्न लोकांमध्ये ते दिसलं. इतरांमध्ये ते शंभरात पाचजणांमध्ये होतं. तेव्हा वर्गात मुलगा पडला आणि शेजारचा स्वमग्न मुलगा हसला किंवा कोरा बघत राहिला, तर त्याला दया नाही असं ठरवू नका. रोज सकाळी पावणेअकराला त्याच्या पोटात दुखत असेल तर ते शाळा बुडवायचं नाटक नसेल. ती भीती असेल, आणि तिचं नाव त्याला ठाऊक नसेल. ‘तुला काय वाटतंय?’ हा प्रश्न माझ्या भाच्याला कळत नाही. ‘कुठं वाटतंय?’ हे कळतं. तो हात ठेवून दाखवतो: घशात, पोटात, कानामागं. घशात म्हणजे रडू येणार आहे, हे आम्हाला आता माहीत झालंय. कानामागं म्हणजे आवाज फार झाले.

‘स्वमग्न’ हा शब्दही जरा बाजूला ठेवून विचार करा. तो वाईट नाही, रुळलेला आहे, मीही वापरते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, त्यावरून तो आला. पण तो ऐकून असं वाटतं की हे मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला बाहेरच्यांशी देणंघेणं नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे. भाच्याला वर्गातल्या सगळ्यांचं सगळं एकाच वेळी ऐकू येतं, ट्यूबलाइटची गुणगुण, खडूचा आवाज, मागच्या बाकावरचं रडू. डेमियन मिल्टन नावाचे स्वतः स्वमग्न असलेले एक ब्रिटिश अभ्यासक आहेत. त्यांनी २०१२ साली एक मुद्दा मांडला की अडचण एकट्या स्वमग्न माणसात नसते, दोन वेगळ्या घडणीच्या माणसांच्या मधे असते. आम्हाला तुमचे चेहरे वाचता येत नाहीत तसे तुम्हालाही आमचे येत नाहीत. पुढं एडिंबराच्या संशोधकांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला: एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्यानं तिसऱ्याला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच नीट पोचली जेवढी सगळे इतर असलेल्या साखळीत. जिथं दोन्ही प्रकारची माणसं आलटून पालटून बसवली होती, तिथं ती जास्त गळत गेली. गच्चीवर भाचा मला जे सांगतो ते ऑफिसच्या खोलीत का सांगू शकला नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

कायद्याचं थोडक्यात. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ती आहे, आणि प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणं वाजवी सोय करणं हे शाळेचं काम आहे असं तो कायदा सांगतो. मुलाला मानसिक त्रास देऊ नये, हे तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात २००९ पासूनच आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात स्वमग्नतेची जी भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात चाळीस मुद्दे आहेत. त्यातला पहिलाच मुद्दा नजरेला नजर न देण्याचा आहे. भाच्याच्या फाइलमध्ये आज दोन कागद एकामागं एक लावलेले आहेत. एकावर डॉक्टरांनी लिहिलंय की नजर देता न येणं हे त्याच्या दिव्यांगत्वाचं लक्षण आहे. दुसरा तिसरीचा निकाल. त्यात वर्णनात्मक नोंदीत लिहिलंय, ‘नजरेला नजर देत नाही. प्रामाणिकपणा वाढवण्याची गरज.’ पाकीट सापडल्यानंतर चार महिन्यांनी लिहिलेली ही नोंद आहे.

तुमच्या वर्गात किती मुलं असतात, तुम्हाला किती माहिती भरावी लागते, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत काय काय करावं लागतं, हे मला दिसतं. माझी मावशी शिक्षिका होती. म्हणून मी जे मागतेय त्याला पैसा किंवा जादा तास लागत नाही.

यंदा भाच्याला जे सर आहेत त्यांनी काय केलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की हा वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसतो. ते ओरडले नाहीत. त्यांनी मधेच विचारलं, ‘मी आत्ता काय म्हणालो?’ भाच्यानं मान वर न करता त्यांची शेवटची तीन वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. त्या दिवसापासून सरांनी त्याच्या डोळ्यांकडं बघून लक्ष मोजणं सोडून दिलं. त्याच्याशी काही बोलायचं असलं की ते त्याला समोर उभं करत नाहीत, व्हरांड्याच्या पायरीवर शेजारी बसतात आणि दोघंही मैदानाकडं बघतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजतात. एका पुठ्ठ्यावर त्यांनी चार चौकोन आखून दिलेत: हो, नाही, माहीत नाही, नंतर सांगतो. तोंडातून शब्द निघत नसेल तेव्हा भाचा बोट ठेवतो. ‘नंतर सांगतो’ वर बोट ठेवलं की सर ‘बरं’ म्हणतात, आणि तो खरोखरच नंतर सांगतो, कधी कधी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी.

भाच्याला एसटीचं वेड आहे. कुठली गाडी कुठल्या आगाराची, कुठल्या फलाटावर लागते, मधले थांबे कोणते, सगळं पाठ. आधी यावरून त्याला पोरं चिडवायची. सरांनी जिल्ह्याचे तालुके शिकवताना त्यालाच उभं केलं. सातारा, कराड, वाई, महाबळेश्वर, फलटण, कोरेगाव, पाटण. मग माणचं दहिवडी, खटावचं वडूज, जावळीचं मेढा, खंडाळ्याचं पारगाव. अकरा तालुके, अकरा आगार. त्यानं ते सगळं पंख्याकडं बघत सांगितलं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी त्यानं कान झाकले. सरांनी हातानं खूण करून टाळ्या थांबवल्या आणि सगळ्यांना दोन्ही हात वर करून हलवायला सांगितले. आता त्या वर्गात कुणालाही शाबासकी अशीच देतात.

हे सर कुठलंही खास प्रशिक्षण घेऊन आलेले नाहीत. मी विचारलं होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत. मुलाचा खरेपणा त्याच्या डोळ्यांवरून ठरवू नका. काही हरवलं, काही मोडलं, भांडण झालं, तर जो खाली बघतोय त्याच्यावर आधी संशय घेऊ नका, आणि ज्यानं दबावाखाली ‘हो’ म्हटलंय त्याचं ‘हो’ पुरावा म्हणून धरू नका. चेहऱ्याला, हनुवटीला, डोक्याला हात लावून नजर वळवू नका, प्रेमानं सुद्धा नको. ‘डोळ्यांत बघून सॉरी म्हण’ असं सांगू नका. कागदावर लिहून दे म्हणा, आमची मुलं मनापासून लिहितात. आणि पुढच्या एप्रिलमध्ये वर्णनात्मक नोंदी लिहायला बसाल तेव्हा ‘नजर देत नाही’ हे वाक्य दोष म्हणून लिहायच्या आधी मुलाच्या आईला एकदा विचारा.

सात नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिन साजरा करतो, कारण १९०० साली त्या दिवशी भीमराव आंबेडकरांचं नाव सातारच्या शाळेत घातलं गेलं. त्या लहान मुलाला वर्गात इतरांपासून वेगळं बसावं लागलं. ते दुःख जातीचं होतं, आणि माझ्या भाच्याच्या अडचणीशी त्याची तुलना करायची माझी छाती नाही. मी एवढंच म्हणते की वर्गात एका मुलाला कसं वागवलं जातं, हा प्रश्न या गावाला जितका जवळून माहीत आहे तितका फार थोड्या गावांना असेल.

शेवटी एक वैयक्तिक विनंती, त्या बाईंना. तुम्ही हे वाचत असाल तर मी कोणाबद्दल लिहितेय ते तुम्हाला कळलं असेल. माझा तुमच्यावर राग नाही, होता, आता नाही. पण भाचा अजून महिन्यातून एकदा तरी विचारतो, ‘बाईंना पैसे सापडले का?’ सापडले, असं आम्ही त्याला कितीदा सांगितलं. त्याला ते तुमच्याकडून ऐकायचं आहे. त्याला ऑफिसात बोलावू नका. मधल्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीशेजारच्या पायरीवर बसलेला असतो. त्याच्या शेजारी बसा, मैदानाकडं बघा आणि सांगा. तो लगेच काही बोलणार नाही. दहापर्यंत मोजा, नाहीतर वीसपर्यंत.

आपली,
चौथीतल्या एका मुलाची आत्या
सातारा